पुतळाबाईचं राहिलेलं लगीन

लोणावळ्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा त्याच्या पायऱ्यांवर माझ्यापेक्षा पुतळाबाईचा हक्क जास्त होता. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत आवळे. पायरीवरचं दुकान ऋतूप्रमाणे बदलायचं, दुकानदारीण तीच. आंदर मावळातल्या डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतून ती उजाडायच्या आत निघायची, कान्ह्यापर्यंत चालत यायची आणि तिथून गाडीने लोणावळ्याला. गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट राहत नाही म्हणून मी रोज तिच्यावर खेकसायचो. ती टोपली वीतभर बाजूला सरकवायची आणि माझी पाठ फिरली की पुन्हा होती तिथे आणायची. एखाद्या दिवशी ती आली नाही की पायरी मोकळी असायची आणि माझं मात्र कामात लक्ष लागायचं नाही.

ही गोष्ट त्रेसष्ट-चौसष्ट सालची. हवा खायला येणाऱ्या मुंबईकरांवर माझा संसार चालत होता आणि त्यांचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. कडा दाखवला की म्हणणार, एवढाच का. धबधबा दाखवला की पाणी कमी आहे म्हणणार. पुतळाबाई दिसली की मात्र गळ्यातले कॅमेरे चटकन वर यायचे. बुटकी, काळी, तुकतुकीत बाई, कासोटा घातलेलं आखूड लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, कपाळावर गोंदण. मंडळी तिला म्हणायची, जरा इकडे बघ, जरा हस. ती हसायची नाही. फोटू मला कधी देणार, एवढंच विचारायची. पाठवून देऊ असं सगळे सांगायचे, आणि कुणीही कधी पाठवला नाही. शेवटी तिने स्वतःचा नियम केला. आधी करवंदं घ्यायची, मग काय तो फोटो काढायचा. द्रोणाला एक फोटो. दोन हवे असतील तर दोन द्रोण. मी आतून हे ऐकायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो, कारण माझ्या धंद्यातही इतका चोख व्यवहार मला जमत नव्हता.

स्टुडिओच्या काचेत मी नवराबायकोंचे फोटो लावले होते. नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी, मागे पडद्यावर रंगवलेला तलाव. पुतळाबाई गिऱ्हाईक नसलं की त्या काचेकडे बघत बसायची. एकदा कामशेतकडचं एक नवं जोडपं मुंडावळ्यांसकट फोटो काढून गेलं. ते गेल्यावर तिने मला विचारलं, असा जोडीचा फोटो काढायला लगीन लागलेलं असावं लागतं का. मी म्हटलं, कॅमेरा असलं काही विचारत नाही, तू तुझ्या घरच्या शिदूला घेऊन ये, मी फुकट काढतो.

"नगं भाऊ," ती म्हणाली. "आमचं लगीन राह्यलंय."

नाचणीची लावणी राहिलीय किंवा कुडाला शेण लावायचं राहिलंय, हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात तिने ते सांगितलं. मी खुर्ची पायरीजवळ ओढली. मग हळूहळू मला समजलं ते असं. तिच्या वाडीत लग्न लावायचं तर सगळ्या वाडीला जेवू घालावं लागतं, तेही आपल्या घरच्या, आपल्या कमाईच्या भाताचं. ज्याच्याकडे तेवढा भात नसेल, तो पोरीला घरी घेऊन येतो. दोघं संसाराला लागतात, पोरंबाळं होतात, आणि लगीन पुढे कधीतरी, सवड आणि भात दोन्ही असतील तेव्हा लागतं. पुतळाबाई शिदूच्या घरात आली त्या साली सासरा गेला. पुढच्या साली बैल मेला. मग बाया झाली, मग चंपा झाली, मग घर जळालं. असं बिनलग्नाचं राहण्यात कुणाला काही वाटत नाही, कुणी नाव ठेवत नाही, पोरी बापाच्याच नावाच्या. मी शहरातला शहाणा माणूस, मला कसंसंच झालं. माझं तोंड बघून ती खदखदून हसली.

एक गोष्ट मात्र तिला डाचत होती. जिचं स्वतःचं लगीन लागलेलं नाही, त्या बाईने दुसऱ्याच्या लग्नात हळदीला हात लावायचा नाही, अशी त्यांच्या वाडीची रीत होती. स्वतःच्या पोरीच्या हळदीलासुद्धा नाही. थोरल्या बायाचं लग्न झालं, तेव्हा तिला हळद लावली शिदूच्या बहिणीने. पुतळाबाई मांडवाबाहेर चुलीवरचा भात ढवळत राहिली, मांडवाकडे पाठ करून. "धूर लय झालता त्या दिशी," एवढंच ती मला म्हणाली आणि टोपलीतली करवंदं वरखाली करत बसली. आता धाकट्या चंपाचं लग्न ठरलं होतं. वैशाख सरता सरता नवऱ्याकडची माणसं येणार होती. जेवण त्यांचंच होतं, म्हणजे त्या भातावर पुतळाबाईचं स्वतःचं लगीन लागणार नव्हतं. या पोरीच्या अंगालाही दुसरीच बाई हळद लावणार, आणि आपण पुन्हा चुलीपाशी.

अशात एके दिवशी निवृत्तीराव माझ्या स्टुडिओत आले. डोंगराच्या अंगाला असलेल्या एका आरामगृहाचे ते मॅनेजर. अंगात कोट, खाली धोतर, आणि तोंडात सतत 'प्रोग्राम' हा शब्द. त्यांच्या पाहुण्यांना त्याच त्या कड्यांचा कंटाळा आला होता. सव्वीस जानेवारीला दिल्लीत आदिवासींचे नाच दाखवतात, मग आपण इथे त्यांचं लग्न का दाखवू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. खरं लग्न नको, त्याला मुहूर्त आणि भानगडी. नुसता प्रोग्राम. मी फोटोग्राफर म्हणून बरोबर चलावं आणि एखादी वाडी सुचवावी, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, तुम्हाला वाडीतली माणसं हसतील. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"दावू की," पुतळाबाई म्हणाली.

तिने एकच विचारलं. लगीन म्हटलं की सगळी वाडी जेवते, तर त्याचं काय. निवृत्तीराव दिलदार माणूस, आणि पाहुण्यांच्या खर्चाने तर फारच दिलदार. तांदूळ, डाळ, गूळ, तेल, सगळं आपण वाडीवर पोचतं करू म्हणाले. त्यांची अट एवढीच की नवरानवरी चांगली असावीत. पुतळाबाईने सांगितलं, नवरानवरी आमच्यातली चांगलीच आहेत, त्याची काळजी नको. ते खुशीत निघून गेले. तिने मात्र गिऱ्हाइकाला हाकसुद्धा मारली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, भाऊ, आमचं लगीन होतंय.

मला एकदम उमगलं आणि मी घाबरलो. मी म्हटलं, अगं, त्याने खोटं लग्न मागितलंय, ही त्याची फसवणूक होते.

"त्यास्नी लगीन बघायचंय, आमाला लावायचंय," ती म्हणाली. "ह्यात फसवलं कुणाला?"

 

वाडीत मात्र हे इतकं सोपं नव्हतं. फोटोसाठी जागा बघून यायला निवृत्तीरावांनी मला आधी वर पाठवलं, तेव्हा भामाबाईच्या अंगणात माणसं जमली होती. भामाबाई त्या वाडीची धवळारीण. त्यांच्यात लग्नाला भटजी नसतो, धवळारीण लग्न लावते. ती धवळे म्हणते, एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, हळदीपासून अक्षतांपर्यंत गाण्यानेच सगळं पार पाडते. म्हातारी वाळून काटकी झाली होती, पण तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. तिचं पहिलं म्हणणं हे की परक्याच्या भातावर लगीन लागत नाही. पुतळाबाईने सांगितलं की हा भात फुकटचा नाही, लगीन दाखवायचं काम केलं त्याची ही मजुरी आहे, म्हणजे कमाईचाच झाला. हे सगळ्यांना पटलं. मग भामाबाईने विचारलं की बाहेरची माणसं तमाशा बघायला बसली असताना देव येतील का. यावर तिने स्वतःच बराच वेळ तंबाखू मळत विचार केला. शेवटी म्हणाली, देव धवळ्यांना येतात, समोर कोण बसलंय ते देव बघत नाहीत. पण धवळे पुरे म्हणायचे, मध्येच तोडायचे नाहीत. आणि अक्षता एकदाच. दुसऱ्यांदा अक्षता पडतात त्या पहिला नवरा मेलेल्या बाईच्या डोक्यावर. पुतळाबाईवर त्या दोनदा पडल्या, तर शिदू जिता असून मेल्यात जमा.

शिदूलाही विचारलं. तो व्हय म्हणाला. शिदूचं सगळं आयुष्य व्हय म्हणण्यात गेलं होतं. ज्यांच्या भातखाचरात तो राबायचा त्या दत्तोबांना व्हय, जंगलाच्या गार्डाला व्हय, पुतळाबाईला तर व्हयच व्हय. उंच, जरा वाकलेला, गरीब माणूस. नातवाला खांद्यावर घेणाऱ्या वयात बाशिंग बांधायचं म्हणून त्याला भारी लाज वाटत होती. तरी मी निघताना पाहिलं, तो घरामागे कातरीने मिशा सारख्या करत होता.

ठरल्या दिवशी निवृत्तीरावांनी पाहुण्यांना ट्रकने टाकव्यापर्यंत आणलं आणि पुढे चालवलं. पांढरे कॅनव्हासचे बूट, थर्मास, छत्र्या. त्यात एक वकील होते. परदेशातून आणलेला सिनेकॅमेरा त्यांच्या हातात होता आणि तो घ्यावा कसा, धरावा कसा, हे त्यांनी चढावर मला दमछाक होईपर्यंत सांगितलं. त्यांची आई बरोबर होती. जाड भिंगाचा चष्मा, नऊवारी नेसलेली म्हातारी. प्रत्येक वळणावर ती बसायची, मला झाडांची नावं विचारायची आणि पुन्हा उठून चालायला लागायची. सगळ्या मंडळींत कुरकुर न करणारी तेवढी एकच.

वाडीने जांभळीच्या ओल्या फांद्यांचा मांडव घातला होता. आम्ही पोचलो तेव्हा वाडीतल्या बायका आणि पोरं एका रांगेत आमचीच वाट बघत बसली होती. पाहुणे थर्मासच्या झाकणातून पाणी कसे पितात, बसायच्या आधी जमीन रुमालाने कशी झटकतात, उन्हाने कसे लाल होतात, हे त्यांनी अगदी मन लावून पाहिलं. खरं सांगायचं तर तमाशा बघायला दोन्हीकडची माणसं जमली होती. कॅमेरा एकाच बाजूकडे होता, एवढाच फरक.

मग हळदीने पिवळी झालेली नवरी मांडवात आली. शेजारी शिदू, त्याचं बाशिंग घसरून भुवयांवर आलेलं. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. निवृत्तीरावांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं आणि विचारलं, ही काय नवरी आहे, ही तर आजी आहे. आजी ती होतीच. बाया आपलं पोर कडेवर घेऊन तिथेच उभी होती, बहिणीच्या लग्नासाठी माहेरी आली होती. निवृत्तीरावांनी चंपाकडे बोट दाखवून सांगितलं, हिला उभी करा. मी म्हटलं, तिचं लग्न ठरलंय, तिला असं उभं करता येणार नाही. ते तरातरा पुतळाबाईसमोर जाऊन बोलायला लागले. नवरीने बोलायचं नसतं, म्हणून ती मान खाली घालून गप्प उभी राहिली. पुतळाबाईला गप्प बसलेली मी जन्मात प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात भामाबाईने धवळा सुरू केला आणि निवृत्तीरावांना मांडवातून बाहेर यावं लागलं. इकडे वकील सगळ्यांना समजावून सांगत होते की या लोकांत तरण्या पोरींना नजर लागू नये म्हणून असा खेळ वयस्कर माणसंच करून दाखवतात. ते इतक्या खात्रीने बोलत होते की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

धवळे लांबले. भामाबाईचा आवाज बारीक, पण कुठे तुटत नव्हता. ती ओळ म्हणायची आणि बाकीच्या बायका ओळीचा शेवट उचलायच्या. डोंगरावरचे, पाण्यातले, शेताच्या बांधावरचे, कुठकुठले देव तिने नाव घेऊन मांडवात बोलावले. पाहुण्यांनी आधी ऐकलं, मग वारा घेतला, मग पुरीभाजीचे डबे उघडले. निवृत्तीराव दोनदा मला खुणेने विचारून गेले, संपणार कधी. मी भिंगातून पुतळाबाईकडे बघत होतो. तिची मान खाली होती, पण ओठ हलत होते. भामाबाईच्या बरोबरीने, एकही शब्द न चुकता. आयुष्यभर मांडवाबाहेर उभं राहून ऐकलेले धवळे तिला पाठ होते. मला तेव्हा भडभडून आलं. कॅमेरा डोळ्याला होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

आणि मग अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या. शिदूच्या बाशिंगावर, तिच्या केसांत, भामाबाईच्या मांडीवर हळदीचे तांदूळ पडले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वाडीत लग्नाला कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे पोरं खो खो हसत सुटली. पुतळाबाईने मान वर केली नाही, पण तिचे खांदे सैल झालेले मला दिसले.

वकील मात्र हळहळत होते. ऐन अक्षतांच्या वेळी त्यांचं रीळ संपलं होतं आणि ते नवं घालत बसले होते. त्यांनी निवृत्तीरावांना सांगितलं, तेवढं पुन्हा एकदा करायला सांगा. काही उर्मटपणे नाही, कुठल्याही प्रोग्रामात सांगतात तसंच सांगितलं. निवृत्तीरावांना सकाळपासून हुकूम द्यायला काही मिळालंच नव्हतं. त्यांनी मोठ्याने सगळ्यांना हातात तांदूळ घ्यायला लावलं आणि अंतरपाट पुन्हा धरा म्हणाले.

 तांदळाचं ताट घेतलेल्या बाईने ते खाली ठेवून दिलं. भामाबाईने पदर तोंडावर घेतला. आणि शिदू, साहेबाने सांगितलं म्हणून, जन्माच्या सवयीने व्हय म्हणाला. बाशिंग सारखं करून तो पुन्हा समोर तोंड करून उभा राहिला.  मी काही बोलणार, त्याच्या आत पुतळाबाईने शिदूचं मनगट धरून त्याला बाजूला ओढलं आणि मान वर केली.

"साहेब, लगीन लागलं," ती म्हणाली. "पुना न्हाई लागत."

निवृत्तीराव हसले. म्हणाले, अगं, खोटंखोटंच तर आहे, दोनदा केलं तर काय बिघडलं.

"तुमचं खोटं असंल. आमचं खरं हाय. लय वर्सं राह्यलं व्हतं."

त्यांना काही कळेना. त्यांनी बायकोचा नाद सोडला आणि नवऱ्याकडे वळले. गडी गरीब, ऐकून घेईल, असा त्यांचा हिशेब. म्हणाले, अरे शिदू, तू तरी तिला सांग. शिदूने बायकोकडे पाहिलं. मग भामाबाईकडे. मग तो निवृत्तीरावांकडे बघून म्हणाला, "न्हाई, साहेब." मी त्याला त्यानंतरही पुष्कळ वर्षं ओळखत होतो. तो शब्द त्याच्या तोंडून मी तेवढ्या एकदाच ऐकला.

वकिलांनी कॅमेरा बंद केला आणि आम्हाला आधी सांगायला हवं होतं असं तुटकपणे म्हणाले. तेव्हा त्यांची आई उठून माझ्यापाशी आली. हे खरंच यांचं लग्न आहे का, असं तिने मला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. मग मी सगळं सांगून टाकलं. राहिलेलं लगीन, चंपाची हळद, दोनदा पडलेल्या अक्षतांचा अर्थ. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाकडे वळून म्हणाली, "अरे, मग आपण लग्नाला आलोय. डबे काय उघडून बसलाय?"

ती सरळ जाऊन पंगतीत बसली. त्या काळात शहरातल्या माणसांनी त्या पंगतीला बसणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि सगळे बसले असं मी सांगणार नाही. काही बसले. काहींना एकदम गाडीची वेळ आठवली. वकील बराच वेळ आपल्या बुटांपाशी उभे होते. पण आईच्या शेजारच्या पत्रावळीवर बायाने भात वाढून टाकला होता, तेव्हा तेही येऊन बसले आणि चांगले दोनदा भात मागून घेऊन जेवले. दुसऱ्या दिवशी कार्ल्याला एकवीरेला न्यायचा नारळ म्हातारीच्या पिशवीत होता. तो तिने पुतळाबाईच्या ओटीत घातला आणि रिकाम्या हाताने आलो म्हणून तिच्याजवळ वाईट वाटल्याचं सांगितलं. पुतळाबाईने तिला वाकून नमस्कार केला आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

निवृत्तीराव रुसले होते. पण उतारावर सगळी मंडळी त्या लग्नाखेरीज दुसरं काही बोलेनात, तशी त्यांची कळी खुलली. टाकव्याला ट्रकमध्ये बसेपर्यंत, आपल्याला हे पहिल्यापासून माहीत होतं, असं ते लोकांना सांगू लागले होते. आठवडाभरात माझ्या पायरीवर हजर. नवी पार्टी आली होती आणि त्यांना तेच लग्न हवं होतं, नवरी जरा तरुण मिळाली तर उत्तम. पुतळाबाईने त्यांना सांगितलं, आमचं झालं. आता चंपाचं आहे. पाहुण्यांना घेऊन या, पण बघायला नको, जेवायला या. यात फरक काय, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्यावर इतका चिडलो की आत जाऊन फिल्म धुवत बसलो.

पुढे पुढे लोणावळ्यात असे लोक वाढत गेले. स्टुडिओत येऊन मला विचारायचे, इथे खरे आदिवासी कुठे बघायला मिळतील. खरे म्हणजे कसे, असं मी विचारलं की गोंधळायचे. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना काहीतरी खरं बघायचं असायचं, पण ते खरं आपल्या गाडीच्या वेळेत बसलं पाहिजे आणि रीळ संपलं तर पुन्हा झालं पाहिजे. मी एकच सांगायचो, कुणी बोलावलं तर जा. बहुतेकांना तो माझा खडूसपणा वाटायचा, आणि थोडा तो होताही.

मला मात्र बोलावणं आलं होतं. पुतळाबाईने स्वतः येऊन सांगितलं, चंपाच्या हळदीला यायचं आणि फोटू काढायचे, द्रोण न घेता. मी दुकान बंद करून गेलो. पाहुणे आणले नव्हते निवृत्तीरावांनी, पण ते स्वतः मात्र आले होते, कोट काढून, आणि मांडवाच्या कडेला अवघडून उभे होते. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा थोडे आवडले.

चंपाला पाटावर बसवलं. शिदूच्या बहिणीने सवयीने हळदीची वाटी उचलली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने ती पुतळाबाईच्या हातात दिली. पुतळाबाई वाटी घेऊन नुसती उभी राहिली. बायका गायच्या थांबल्या. भामाबाईने तिला आपलेपणाने दटावलं, पोरगी ताटकळली, लाव की. तशी ती खाली बसली. पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना, शेवटी तोंडाला. अगदी सावकाश, एखादी जागा राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा हात फिरवत. चंपा हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. मी दोन-तीन फोटो काढले आणि मग काढायचं विसरलो.

हळद झाली. बायका पाणी आणायला उठल्या, पण पुतळाबाईने वाटी खाली ठेवली नाही. मांडवाच्या डांबाला टेकून बाया उभी होती, पोर कडेवर. तिच्याकडे बघून पुतळाबाई म्हणाली, "बाया, हितं ये."

भामाबाई लगेच म्हणाली की लगीन झालेल्या पोरीला पुन्हा हळद लावत नाहीत, आणि हे तुला मी सांगायला पाहिजे का.

"लगीन न्हाई लावत, मावशी," पुतळाबाई म्हणाली. "हिला माझी हळद तेवढी राह्यलीया."

 भामाबाईने सरकून पाटाशेजारी जागा केली. बायाने पोर शिदूच्या हातात दिलं आणि बहिणीच्या शेजारी जाऊन बसली.